पाच वचने, पाच गोष्टी



कीर्तन तुम्ही पुष्कळ वेळा ऐकले असेल. बुवा आधी एक अभंग घेतात. त्याचा अर्थ उलगडून सांगतात. मग म्हणतात, "आता यावर एक दाखला ऐका." दाखला सुरू झाला की मागे पेंगत बसलेला माणूसही सावरून बसतो. घरी गेल्यावर अभंगाचे सगळे शब्द आठवत नाहीत, पण दाखला आठवतो. दाखल्याच्या मागोमाग अर्थही आठवतो.

दर वर्षी तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूर तालुक्यात शिरते आणि पुढे पंढरपूरला जाते. म्हणून ही रीत आपल्या भागाला सांगायला नको. तीच रीत धरून या पाठात आपण बायबलमधली पाच वचने समजून घेऊ. आधी वचनाचा भाव पाहू, मग त्यावर एक घडलेली किंवा परंपरेने चालत आलेली गोष्ट वाचू.

बायबल हा ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ. त्याचे दोन भाग आहेत. एक जुना करार, दुसरा नवा करार. येशू ख्रिस्ताचे चरित्र आणि उपदेश नव्या करारात आहेत. येशूच्या चरित्राच्या पुस्तकांना शुभवर्तमान म्हणतात. अशी शुभवर्तमाने चार आहेत.

कोणी आपला धर्म सोडावा म्हणून हा पाठ लिहिलेला नाही. शेजाऱ्याच्या घरात कोणते पुस्तक वाचतात आणि त्यात काय आहे, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. ज्यांच्या घरी हे पुस्तक रोज वाचले जाते, त्यांनाही या पाठात काही नवी माणसे भेटतील. कारण ख्रिस्ती धर्मातही पुष्कळ शाखा आहेत. रोमन कॅथलिक आहेत, प्रॉटेस्टंट आहेत, पूर्वेकडच्या फार जुन्या मंडळ्या आहेत. एका शाखेच्या माणसाला दुसऱ्या शाखेच्या गोष्टी सहसा ठाऊक नसतात.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामतीला येते आणि पुढे इंदापूरला जाते. वाटेत त्याला फाटे फुटतात, फाट्यांना चाऱ्या फुटतात. पाणी एकाच नदीचे. तरी पाण्याच्या पाळीवरून चारीवर भांडणे होतातच. धर्माच्या शाखांचेही असेच झाले आहे. म्हणून या पाच गोष्टी आम्ही मुद्दाम वेगवेगळ्या चाऱ्यांवरून आणल्या आहेत.

१. वाचतोस ते समजते का?

नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' नावाचे पुस्तक आहे. त्याच्या ८ व्या अध्यायात एक प्रसंग आहे. कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून चालला आहे. हातात धर्मग्रंथ आहे आणि तो मोठ्याने वाचतो आहे. फिलिप नावाचा शिष्य रथाजवळ जाऊन त्याला विचारतो, की वाचतोस ते तुला समजते का? खजिनदार मोठा अधिकारी, पण त्याला लाज वाटत नाही. तो सांगतो, की कोणी समजावून दिल्याशिवाय मला कसे समजणार? मग तो फिलिपला आपल्या शेजारी बसवून घेतो.

यावरची गोष्ट आपल्या जवळचीच आहे. दौंडहून पुण्याकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील संस्कृतचे पंडित. त्या काळी बायकांना संस्कृत शिकवणे लोकांना पसंत नव्हते. वडिलांनी लोकांचा रोष पत्करून आधी पत्नीला आणि मग मुलीला शिकवले. पुढे दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई भावाबरोबर पायी देशभर हिंडल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची विद्या पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर विधवा मुलींसाठी त्यांनी शारदा सदन काढले. १८९६ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या शेकडो बायका-मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर घरे बांधली, विहिरी खणल्या, शेती लावली.

या बायकांना अक्षरे शिकवली. आंधळ्या मुलींनाही ब्रेल लिपी शिकवली. ब्रेल म्हणजे उठलेल्या टिंबांची लिपी. ती बोटांनी चाचपून वाचतात. पण पुढे एक अडचण दिसली. मराठीत बायबल होते. बायकांना अक्षरे लागत, अर्थ लागत नसे. भाषा संस्कृत शब्दांनी भरलेली, जड. रमाबाईंना स्वतःला त्यातला एकही शब्द अडला नसता. पण त्यांच्या दारात आलेल्या बाईला तो अडत होता.

मग रमाबाईंनी ठरवले, की सारे बायबल आपण सोप्या मराठीत आणायचे. भाषांतरावरून भाषांतर नको, म्हणून त्या मुळातल्या भाषा शिकल्या. जुना करार हिब्रू भाषेत आहे, नवा करार ग्रीक भाषेत. उतारवयात त्यांनी या दोन्ही भाषांचा अभ्यास केला. कित्येक वर्षे हे काम चालले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी करणे ही कामे मुक्तीतल्या बायका-मुलीच करीत. ज्यांना दुष्काळाने रस्त्यावर टाकले होते, त्यांच्याच हातांनी तो मोठा ग्रंथ छापला गेला.

१९२१ साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ साली त्यांचे बायबल पुरे छापून निघाले.

तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. एखादा शब्द अडला तर वरमू नका. खजिनदारासारखे विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारले, तर रमाबाईंसारखे सोपे करून सांगा. सातबारा असो, बँकेचा कागद असो, की धर्मग्रंथ असो. न समजता वाचलेला कागद आणि न वाचलेला कागद यांत फरक थोडाच. अंगठा उठवताना फसत होतो, आता सही करताना फसू, एवढेच.

२. ज्याला त्याला त्याच्या भाषेत

याच पुस्तकाच्या २ ऱ्या अध्यायात दुसरा प्रसंग आहे. यरुशलेम शहरात सणासाठी देशोदेशीचे लोक जमले होते. येशूचे शिष्य बोलू लागले. ते होते गालील प्रांतातले साधे लोक. पण नवल असे, की प्रत्येकाला त्यांचे बोलणे आपापल्या जन्मभाषेत ऐकू आले. देवाची गोष्ट ऐकण्यासाठी कोणालाही आपली बोली टाकावी लागली नाही.

थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. ते येशूसंघी, म्हणजे कॅथलिक पंथातल्या एका संघाचे पाद्री. १५७९ साली ते गोव्याला आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांनी लोकांची भाषा शिकून घेतली. आपल्याकडे पुराण ओवीत सांगतात, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी येशूचे चरित्र मराठीत ओवीबद्ध लिहिले. त्याचे नाव 'ख्रिस्तपुराण'. ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. म्हणजे तुकाराम महाराज लहान होते त्या काळात, एक परदेशी माणूस मराठी ओवी रचत होता.

पुढे तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळक झाले. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. जन्माने कोकणातले ब्राह्मण, मोठे कवी. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने करतात तो ख्रिस्ती दीक्षाविधी. धर्म बदलला, पण तुकोबांना त्यांनी सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताची भजने मराठी चालींवर बांधली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ती आजही म्हणतात.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळले. काही काळ दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे आल्या, पण स्वतःला पटेपर्यंत त्यांनी धर्म बदलला नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर पतीने त्यांना अक्षरओळख करून दिली. अशा बाईने म्हातारपणी आपल्या आयुष्याची हकिकत लिहिली. तिचे नाव 'स्मृतिचित्रे'. १९३४ साली तिचा पहिला भाग निघाला. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत आज त्याची गणना होते. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. तेही लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

आपली बोली गावंढळ आहे, आपण काय लिहिणार, असे मनात आले की लक्ष्मीबाईंची आठवण करा. त्या बोलत तशाच लिहीत. म्हणूनच ते पुस्तक जिवंत राहिले.

३. आजारी होतो, तेव्हा तू आलास

मत्तयाच्या शुभवर्तमानात २५ वा अध्याय आहे. येशू तिथे शेवटच्या न्यायाची गोष्ट सांगतो. राजा चांगल्या लोकांना सांगतो, की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला जेवू घातले, आजारी होतो तेव्हा माझ्याकडे आलात. लोक गोंधळतात. महाराज, आम्ही तुम्हाला कधी पाहिले? राजा सांगतो, की ज्याला कोणी विचारीत नाही अशा माणसासाठी तुम्ही जे केले, ते माझ्यासाठीच केले.

गोष्ट आहे हवाई बेटांवरची. ही बेटे दूर मोठ्या समुद्रात आहेत. तिथे कुष्ठरोग पसरला होता. सरकारने कायदा केला आणि रोग्यांना पकडून मोलोकाई नावाच्या बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडायला सुरुवात केली. एका बाजूला उभा कडा, बाकी तिन्ही बाजूंना समुद्र. आई मुलापासून तुटे, नवरा बायकोपासून. गेलेला माणूस परत येत नसे.

१८७३ साली बेल्जियम देशाचे एक कॅथलिक पाद्री तिथे आपणहून गेले. त्यांचे नाव फादर डेमियन. वय तेहतीस. शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने मजबूत. त्यांनी नुसती प्रार्थना केली नाही. हातात करवत आणि हातोडा घेतला. रोग्यांसाठी घरे बांधली. नळाने पाणी आणले. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. मेलेल्यांसाठी पेट्या केल्या आणि खड्डेही खणले. रोग्यांच्या ताटातले खाल्ले.

अकरा-बारा वर्षे गेली. एके दिवशी त्यांनी पाय कढत पाण्यात घातला. कातडी भाजली, पण चटका जाणवला नाही. ते काय समजायचे ते समजले. असे सांगतात, की प्रार्थनेच्या वेळी पूर्वी ते 'तुम्ही कुष्ठरोगी' म्हणत. आता ते 'आपण कुष्ठरोगी' म्हणू लागले. तरीही ते बेट सोडून गेले नाहीत. १८८९ साली तिथेच वारले. २००९ साली पोपने त्यांना संत म्हणून जाहीर केले.

इथे थोडे थांबून एक कामाची गोष्ट लक्षात घेऊ. फादर डेमियन मोलोकाईला गेले त्याच वर्षी, १८७३ साली, नॉर्वे देशात हॅन्सन नावाच्या डॉक्टरने कुष्ठरोगाचे जंतू शोधून काढले. म्हणजे हा रोग पापाचे फळ नाही, शाप नाही, आनुवंशिकही नाही. तो जंतूंनी होतो. तो सहजासहजी लागतही नाही. डेमियनच्या काळी त्यावर औषध नव्हते. आता आहे. १९८० नंतर दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेले, भाजलेले कळत नसेल, तर लगेच दाखवावे. लवकर दाखवले तर हातपाय वाकडे होत नाहीत.

औषध निघाले, पण लोकांच्या मनातली भीती गेली नाही. "त्याच्या घरचे पाणी नको बाबा," असे आपण अजून ऐकतो. अशा भीतीमुळेच माणूस चट्टा सदऱ्याखाली लपवतो, आणि लपवल्यामुळेच त्याची बोटे जातात. वचन तर सांगते, की त्या दारातच राजा बसला आहे.

४. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ

मत्तयाच्याच ७ व्या अध्यायात येशू सांगतो, की दुसऱ्याचा न्याय करायला बसू नका. तुम्ही ज्या मापाने मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजतील. आपल्या मराठीतही म्हणतात, की दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. येशूचा दाखला थेट असाच आहे.

यावरची गोष्ट फार जुनी आहे. मिसर देशातल्या कॉप्टिक मंडळीने ती सांभाळून ठेवली आहे. ही मंडळी जगातल्या अगदी जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांपैकी एक. सोळाशे वर्षांपूर्वी तिथल्या वाळवंटात पुष्कळ साधू राहत. त्यांत मोशे नावाचे एक साधू होते. वर्णाने काळे, धिप्पाड. पूर्वायुष्यात ते दरोडेखोर होते. पुढे मन पालटले आणि ते वाळवंटात येऊन तप करू लागले.

एकदा एका तरुण साधूच्या हातून काही चूक झाली. बाकीचे साधू पंचायत भरवून बसले. मोशेंना बोलावणे गेले. ते आले नाहीत. परत निरोप गेला, "सगळे तुमच्यासाठी खोळंबले आहेत." मग मोशे उठले. एक तडा गेलेले मडके घेतले, त्यात पाणी भरले आणि पाठीवर टाकून निघाले. मडके गळत होते. मागे वाटेवर पाण्याची ओळ उमटत होती.

पंच पुढे आले. म्हणाले, "बाबा, हे काय?"

मोशे म्हणाले, "माझी पापे माझ्या मागे सांडत चालली आहेत. मला ती दिसत नाहीत. आणि मी आज दुसऱ्याच्या चुकीचा निवाडा करायला आलो आहे."

पंच गप्प झाले. त्यांनी त्या तरुणाला माफ केले.

मोशे दरोडेखोर होते, तरी त्यांना दुसरी संधी मिळाली. आपल्या देशात मात्र चोरी न केलेल्या माणसांनाही एके काळी चोर ठरवले होते. इंग्रज सरकारने १८७१ साली 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा केला. पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. कैकाडी, पारधी अशा कित्येक जमातींची नावे सरकारी यादीत चढली. त्या जमातीत जन्मले की झाले. पोलिसांकडे हजेरी द्यायची. परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. पुष्कळांना सरकारी वसाहतींत ठेवले. अशी एक वसाहत बारामतीलाही होती. ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या प्रॉटेस्टंट मंडळाचे मिशनरी तिची देखरेख करीत. मिशनने मुलांना शिकवले, मोठ्यांना कामाला लावले, हे खरे. पण पाळण्यातल्या मुलाला चोर ठरवणारा कायदा डोक्यावर होताच, हेही खरे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला. तेव्हापासून या जमातींना 'विमुक्त', म्हणजे सुटलेल्या, असे म्हणतात. कायद्याने त्यांना सोडले. आपण सोडले का? गावात चोरी झाली, की पहिले बोट कुठे जाते? गावाबाहेरच्या पालाकडे. पुरावा नंतर, बोट आधी. त्या वेळी आपल्या पाठीवरचे मडके किती गळते आहे, ते जरा मागे वळून पाहावे.

५. वैऱ्यावर प्रेम

मत्तयाचा ५ वा अध्याय. येशू सांगतो, की आपल्या माणसांवर तर सारेच प्रेम करतात. तुम्ही वैऱ्यावरही प्रेम करा. देव आपला पाऊस चांगल्याच्या रानात पाडतो, तसाच वाईटाच्याही रानात पाडतो. आपल्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला हे लगेच पटते. ढग काही बांध पाहून बरसत नाही.

गोष्ट आहे नेदरलँड्स देशातली, १५६९ सालची. त्या काळी युरोपात धर्माच्या नावाने फार रक्त सांडले. मारणारेही ख्रिस्ती आणि मरणारेही ख्रिस्ती. काही लोक म्हणत, की तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे. माणसाने मोठे होऊन, समजून-उमजून तो घ्यावा. ते शस्त्रही हाती धरीत नसत. त्यांना अ‍ॅनाबॅप्टिस्ट म्हणत. एवढ्या मतासाठी त्यांना जिवंत जाळीत.

डर्क विलेम्स हा त्यांच्यापैकी एक. आस्पेरेन गावात त्याला एका वाड्यात कोंडले होते. त्याने चिंध्यांना गाठी मारून दोर केला आणि खिडकीतून खाली उतरला. हिवाळा होता. आपल्याकडे बर्फ दिसतो तो गाडीवरच्या गोळ्यात. तिकडे थंडीने तळ्याचे पाणी वरून गोठते आणि त्यावरून माणसे चालतात. वाटेत असेच एक तळे लागले. बर्फ पातळ होता. पण तुरुंगातल्या अन्नावर डर्क काटकुळा झाला होता. तो कसाबसा पार झाला.

मागून शिपाई धावत होता. तो धडधाकट. त्याच्या वजनाने बर्फ फुटला आणि तो पाण्यात पडला. बुडू लागला, ओरडू लागला.

डर्क पलीकडच्या काठावर होता. समोर रान मोकळे होते. आणखी थोडे पळाला असता तर सुटला असता. त्याने मागे वळून पाहिले. तो परत फिरला. पातळ बर्फावरून जाऊन त्याने त्या शिपायाला हात दिला आणि बाहेर ओढून काढले.

शिपायाच्या मनात आले, की याला सोडून द्यावे. पण नगराचा मुख्य अधिकारी काठावर येऊन ओरडला, "तुझी शपथ आठव!" शिपायाने डर्कला पकडले. १६ मे १५६९ रोजी डर्कला जाळून मारले.

तुम्ही म्हणाल, "मग चांगुलपणाचा फायदा काय झाला?" हा प्रश्न खरा आहे. तो टाळून चालणार नाही. डर्कला फायदा झाला नाही. त्याने फायद्याचा विचारच केला नाही. बुडणारा माणूस दिसला आणि त्याने हात दिला. साडेचारशे वर्षे झाली. त्याला जाळणाऱ्यांची नावे आता कोणी घेत नाही. त्याचे नाव त्याच्या शाखेतले लोक आजही मुलांना सांगतात. दुसऱ्या शाखांतलेही सांगतात.

आपल्याला कोणी जाळायला उठलेले नाही. आपले वैर असते वितभर बांधाचे, पाण्याच्या पाळीचे, भाऊबंदकीचे. एका सरीवरून दोन भाऊ कोर्टात जातात. तारखांवर तारखा पडतात. सरीच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त होते. सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या मयताला जात नाहीत. हक्क सोडून द्या, असे आम्ही म्हणत नाही. मोजणी आणावी, कागद पाहावा, न्याय मागावा. पण त्या चुलतभावाचे पोर रात्री साप चावून तळमळत असेल, तर आपली गाडी बाहेर निघाली पाहिजे. त्या वेळी बांधाची आठवण काढायची नाही. वचनाचा अर्थ एवढा सोपा आहे आणि एवढाच कठीण आहे.

शेवटी

पाच वचने झाली. रमाबाई आणि टिळक पती-पत्नी प्रॉटेस्टंट. स्टीफन्स आणि डेमियन कॅथलिक. मोशे मिसरच्या जुन्या मंडळीचे. डर्क अ‍ॅनाबॅप्टिस्ट. यांतल्या कित्येकांचे मत एकमेकांना पटले नसते. पुस्तक मात्र त्यांनी एकच वाचले.

डर्कला जाळणाऱ्यांनीही तेच पुस्तक वाचले होते, हेही विसरू नका. म्हणून नुसते वाचता आले की काम संपत नाही. हे बायबलला लागू आहे, तसे गाथेला आणि ज्ञानेश्वरीला लागू आहे, आणि प्रत्येक चांगल्या पुस्तकाला लागू आहे. आपण आता अक्षरे शिकलो. वाचलेले वचन आपल्या दारात, आपल्या बांधावर आणि गावाबाहेरच्या पालाजवळ खरे ठरते का, हे ज्याचे त्याने पाहायचे.

विचार करा आणि सांगा

१. मराठीत बायबल असतानाही रमाबाईंनी ते पुन्हा का लिहिले?

२. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. तरी त्यांचे पुस्तक लोकांना का आवडले असेल?

३. अंगावरच्या कोणत्या चट्ट्याची शंका घ्यावी? अशा वेळी कुठे जावे?

४. मोशेंनी गळके मडके पंचांसमोर का नेले?

५. 'विमुक्त' या शब्दाचा अर्थ काय? हे नाव कोणाला आणि का मिळाले?

६. डर्कच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? वर्गात एकमेकांशी बोला. सगळ्यांचे उत्तर सारखे आले नाही तरी चालेल.

७. तुमच्या गावात बांधाचा किंवा पाण्याचा तंटा गोडीने मिटला असेल, तर तो कसा मिटला, ते पाच ओळींत लिहा. शब्द चुकला तर खोडा आणि पुन्हा लिहा.